पिवळ्या मतपत्रिकेवरचं बटण

नाशिकच्या सिडकोतल्या एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

वय ४१. झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान, बायको, दोन मुलं. २०१५ पासून ते प्रभागातल्या एका ताईंबरोबर पक्षाचं काम करतात. फेब्रुवारी २०१७ च्या महापालिका निवडणुकीत ताई तीनशेच्या आसपास मतांनी पडल्या. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक पुढे पुढे जात राहिली. जवळपास चार वर्षं प्रभागाला नगरसेवकच नव्हता. त्या काळात चेंबर तुंबलं, नळाला पाणी आलं नाही, कसला दाखला अडला की लोक ताईंकडे जायचे आणि ताई यांना फोन लावायच्या. नोव्हेंबरच्या आरक्षण सोडतीत प्रभागातली ‘क’ जागा सर्वसाधारण महिलेला सुटली तेव्हा यांनी दुकानात पेढे वाटले.

३० डिसेंबर २०२५ हा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. दुपारी अडीचच्या सुमारास निवडणूक कार्यालयाच्या फाटकाबाहेर उभं असताना कळलं, की पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, आठच दिवसांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका माजी नगरसेवकाच्या पत्नीला गेला. ताईंनी सावधगिरी म्हणून एक अर्ज अपक्षही भरून ठेवला होता. २ जानेवारीला त्यांनी तो मागे घेतला. कार्यकर्त्यांना ते मोबाइलवरच्या बातमीतून समजलं. तीन दिवसांनी ताई अधिकृत उमेदवाराच्या शेजारी प्रचाराच्या जीपवर उभ्या होत्या, आणि यांना फोन आला, “काम करायचंय रे.”

यांनी केलं. गळ्यात उपरणं घातलं, चिठ्ठ्या वाटल्या, १५ जानेवारीला बूथबाहेर टेबल टाकून बसले. पण ज्या तीसेक घरांत यांचा शब्द चालतो तिथे आदल्या रात्री जाऊन सांगितलं, “पांढरं, गुलाबी, निळं आपलंच दाबा. पिवळ्यावर मात्र दुसरं कुठलंही.” (चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला चार मतं असतात आणि अ, ब, क, ड या जागांच्या मतपत्रिका वेगवेगळ्या रंगांच्या असतात. ‘क’ची पिवळी.) नव्या बाई तरीही निवडून आल्या.

आता ताईंना महिला आघाडीत पद मिळालं आहे. त्या फोन करतात, हे उचलत नाहीत. ज्या बालमित्राने नव्या उमेदवाराचं काम मनापासून केलं त्याच्याशी बोलणं बंद आहे. रात्री दोन-अडीचला जाग येते. विचारलं आहे: पक्ष सोडू का? ताईंनी आमचा विश्वासघात केला का? मी गद्दार ठरतो का? आणि शेवटी, प्रश्नचिन्ह न देता: “घरातलं कोणी गेल्यासारखं वाटतं आणि रडायला जागा नाही.” सही केली आहे, ‘एक सतरंजीवाला’.

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. ‘आम्ही’, ‘आमचं’, ‘आपलं’ या शब्दांखाली रेघा मारत गेले. ‘आम्ही तीनशे मतांनी पडलो.’ ‘आमची जागा सुटली.’ ‘आमचं तिकीट कापलं.’ दोन पानं नुसती रेघांनी भरली. ‘मी’ पहिल्यांदा येतो तो तिसऱ्या पानाच्या तळाशी, पिवळ्या बटणापाशी. ‘मी तीस घरांत सांगून आलो.’ अकरा वर्षांच्या हकिकतीत स्वतःच्या नावावर तुम्ही एवढी एकच गोष्ट लिहिली आहे, आणि नेमकी तिचीच तुम्हाला लाज वाटते. हे मला फार बोचलं.

आणखी एक दिसलं. ‘आम्ही अर्ज भरला’ असं तुम्ही लिहिता, पण ‘आम्ही माघार घेतली’ असं लिहीत नाही. तिथे एकदम ‘ताईंनी माघार घेतली’ होतं. म्हणजे ‘आम्ही’ कुठे तुटलं ते तुमच्या हाताला कळलेलं आहे. तुम्ही सगळा राग ३० डिसेंबरवर काढता, पण त्या दिवशी निदान तुम्ही सगळे एकत्र उभे होतात. ताई फाटकापाशी फुटपाथवर बसल्या, तुम्ही समोरच्या टपरीवरून पाण्याची बाटली आणलीत, ती त्यांनी न पिता मांडीवर धरून ठेवली, हे तुम्हीच लिहिलंय. अपमान होता, पण वाटून घेतलेला होता. २ जानेवारीला त्या एकट्या गेल्या आणि सही करून आल्या. तुमची जखम त्या तारखेची आहे असं मला वाटतं.

म्हणून पक्षाचं आधी आणि थोडक्यात उरकते, कारण ते समजायला सोपं आहे. नाशिक महापालिकेत १२२ जागा आणि ३१ प्रभाग. एका पक्षाने सगळ्याच्या सगळ्या जागा लढवल्या आणि दर जागेला दहा इच्छुक धरले, तरी हजारावर माणसं नाराज होणार हे गणित पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. त्यात पॅनल. चार जणांचं पॅनल बांधताना कोण किती वर्षं राबलं हे पाहिलं जातं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कुठल्या वस्तीत कोणाची मतं, कोणत्या समाजाचा माणूस कुठल्या जागेवर बसतो, युतीत कोणती जागा कोणाला गेली, आणि उरलेल्या तिघांचा खर्च कोण उचलू शकतो, हे पाहिलं जातं. समोरच्या पक्षातला निवडून येणारा माणूस आपल्याकडे ओढला की एक जागा वाढते आणि एक शत्रू कमी होतो. तुमच्या ताईंची अकरा वर्षं त्या कागदावर ‘२०१७, पराभूत’ एवढ्याच नोंदीत बसली असतील. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण यात तुमच्यावर कोणी डूख धरलेला नव्हता, आणि रात्री अडीचला तुम्ही ज्या माणसाशी मनात भांडता तो बहुधा असा कोणी नाहीच.

एबी फॉर्म शेवटच्या तासात का निघतो तेही यातच आलं. ‘ए’ म्हणजे पक्षाच्या वतीने सही कोण करणार त्याचा कागद, ‘बी’ म्हणजे उमेदवाराचं नाव. दोन्ही वेळेत पोचले नाहीत तर तुम्ही पक्षाचे उमेदवार नाही. नावं आधी जाहीर केली तर नाराज माणूस दुसऱ्या पक्षाचं दार वाजवायला मोकळा होतो, म्हणून घड्याळ बघत बसायचं आणि दार वाजवायला वेळच उरू द्यायचा नाही. त्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसांचं काय होतं, हा त्या हिशेबातला विषयच नसतो. रागवायचं असेल तर या पद्धतीवर रागवा. त्यात तुमच्याबरोबर मीही आहे.

आता ‘निष्ठेचं फळ’. हा शब्द तुमच्या पत्रात पाच वेळा आहे. माझी थोडी तक्रार आहे त्याच्याबद्दल. आपण निष्ठा ही मुदत ठेव समजतो. अकरा वर्षं भरत राहायचं आणि मुदत संपली की तिकीट व्याजासकट हातात. पण तसं कुठे लिहिलेलं नसतं, कोणी पावती दिलेली नसते, आणि तिकिटावर कार्यकर्त्याचा हक्क कायद्यानेही नाही. बरं, ठेव तुमची आणि मिळणार होतं ते तिकीट ताईंना, ही गंमत तर वेगळीच. दादा, ताई नगरसेविका झाल्या असत्या तर तुमच्या आयुष्यात नेमकं काय बदललं असतं? रागावू नका, खरंच विचारते आहे. तुम्हाला काही हवं होतं का? मुलासाठी, दुकानासाठी, की कोणीतरी चारचौघांत ‘हा आपला माणूस’ म्हणावं एवढंच? यातलं काहीही हवं असण्यात कमीपणा नाही. पण काय हवं होतं ते तुम्ही कधी ताईंना सांगितलंत का, स्वतःला तरी सांगितलंत का, ते बघा.

मोठ्या नेत्यांची उदाहरणं तुम्ही दिली आहेत. सगळी कार्यकर्त्यांच्या कट्ट्यावरची, आणि खरी. बाळासाहेब सानप २०१९ मध्ये नाशिक पूर्वचे विद्यमान आमदार असताना त्यांचं तिकीट कापलं गेलं, ते दुसऱ्या पक्षाकडून लढले, पडले, आणि पुढे मूळ पक्षात परतले. त्याच वर्षी चंद्रशेखर बावनकुळे मंत्री असूनही उमेदवारीला मुकले, गप्प राहिले, आणि २०२२ मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले. २०२३ मध्ये नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसने उमेदवारी वडिलांना दिली, त्यांनी अर्जच भरला नाही, आणि सत्यजित तांबे अपक्ष उभे राहून निवडून आले. डिसेंबर २०२४ मध्ये छगन भुजबळांना मंत्रिमंडळात घेतलं नाही तेव्हा समर्थक रस्त्यावर उतरले. मे २०२५ मध्ये त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली.

यातून तुम्ही विचारता, की गप्प बसावं की बंड करावं. या चार गोष्टींतून तरी उत्तर निघत नाही. बंड करून एक जिंकला आणि एक हरला. पण मला त्यात दुसरंच काही दिसतं. नेत्याचं पुढे काय झालं ते आपल्याला तारखेसकट सापडतं. त्याच्यासाठी ज्याने रस्त्यावर बसून घसा फोडला, ज्याने शेजाऱ्याशी वैर घेतलं, ज्याच्या दुकानाचं शटर पंधरा दिवस खाली होतं, त्याचं पुढे काय झालं? नेत्याची नाराजी पाच महिन्यांत मिटते, दोन वर्षांत पक्ष बदलतो, तीन वर्षांत पद येतं. कार्यकर्त्याची नाराजी मिटवायला कोणी बैठक बोलवत नाही. ती तशीच राहते, दुकानात, घरात, मित्राशी न बोलण्यात.

मग ताईंनी विश्वासघात केला का?

मी ताईंना ओळखत नाही. त्या माघारीमागे काय काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि तुमच्या पत्रावरून दिसतं की तुम्हालाही नाही. अपक्ष लढणं म्हणजे काय असतं ते मात्र तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. माघारीची मुदत संपल्यावर चिन्ह मिळणार, त्यानंतर जेमतेम दहा दिवसांत ते हजारो घरांत नेऊन पोचवायचं, आणि समोरचे चौघे एकाच चिन्हावर, एकाच जीपवर मतं मागणार. २०१७ चं कर्ज फिटलं होतं का? घरून किती दबाव होता? त्यांनी माघार घेतली यात मला विश्वासघात दिसत नाही. विचारलं नाही, यात दिसतो. निदान एक फोन. ‘मी उद्या अर्ज मागे घेते आहे, बातमी बाहेरून कळू नये म्हणून सांगते’ एवढं वाक्य बोलायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं त्यांनी तुम्हाला दिली नाहीत आणि तीन दिवसांनी ‘काम करायचंय रे’ म्हणायला फोन केला. हा तुमचा खरा, मोजून दाखवता येईल असा आक्षेप आहे. तो ‘विश्वासघात’ या मोठ्या शब्दात गुंडाळू नका, नाहीतर ताई त्या मोठ्या शब्दाला उत्तर देत बसतील आणि दोन मिनिटांचं राहून जाईल.

हे वाचणाऱ्यांत तिकीट कापलेले काही ‘ताई’ आणि ‘भाऊ’ही असतील. त्यांना एवढंच, की माघारीच्या फॉर्मवर सही करायच्या आधी आपल्या दहा माणसांना बोलावून घ्या. दुःख तुमचं मोठं आहे हे मान्य. पण त्या दहांना ते टीव्हीवरून कळता कामा नये.

शोकाबद्दल लिहिलंत ते मला अगदी पटलं. निवडणूक हरण्याला मतमोजणी असते. टेबलं असतात, फेऱ्या असतात, पाचव्या फेरीपर्यंत आशा, नवव्या फेरीला कोणीतरी खुर्ची मागे सारून उठतो, मग सगळे मिळून कुठेतरी चहाला जातात आणि रडतात, शिव्या देतात. २०१७ ला तुम्ही असेच पहाटेपर्यंत बसला होतात, ते वर्णन तुमच्या पत्रातलं सगळ्यात जिवंत आहे. तिकीट कापलं जाण्याला मतमोजणी नसते. तीन वाजता फाटक बंद होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या गळ्यात हार घालायचा असतो. दुःखाला दहा दिवस तर सोडाच, दहा तास मिळत नाहीत. तुम्ही ते गिळलंत आणि ते तीस घरांत जाऊन बाहेर पडलं.

आता ते पिवळं बटण. इथे मी तुम्हाला सोडणार नाही.

तुमचं स्वतःचं मत तुम्ही कोणालाही दिलंत, ते तुमचं. त्याचा हिशेब पक्षाला, ताईंना, मला, कोणालाच द्यायचा नाही. पण गळ्यात उपरणं आणि मनात दुसरं, असं घरोघर जाणं मला बरोबर वाटत नाही. ‘पक्षाशी गद्दारी’ म्हणून नव्हे. पक्षाने तुमच्याशी जे केलं त्यानंतर तो शब्द वापरायचा अधिकार त्याने बराचसा गमावला आहे. मला त्या तीस घरांचं वाटतं. ती माणसं तुमचं का ऐकतात? तुम्ही त्यांचं चेंबर साफ करून घेतलंत, आजीचा आधारचा फॉर्म भरलात, कोविडमध्ये डबा पोचवलात म्हणून. तो शब्द तुम्ही अकरा वर्षांत जमवला आणि एका रात्रीत स्वतःचा राग भागवायला खर्च केलात. त्यांना काय सांगितलंत? ‘पिवळ्यावर दुसरं कुठलंही.’ का, ते सांगितलंत का? नवी बाई कशी आहे, काम करेल की नाही, यातलं काही त्या घरांसमोर ठेवलंत का? त्यांच्या मताचा वापर तुमच्या भांडणात झाला.

आणि दुसरा रस्ता होता, दादा. ५ जानेवारीला ताईंचा फोन आला तेव्हा म्हणता आलं असतं, “ताई, या वेळी माझ्याकडून होणार नाही. विरोधात जाणार नाही, पण टेबलावर बसणार नाही.” हे म्हणायला टेबलावर बसण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं हे मला माहीत आहे. पण त्या वाक्यात ‘मी’ असतं.

हे ताईंना सांगायचं का? माझं मत, नाही. त्यांनी पक्षाला ‘माझी माणसं काम करतील’ असा शब्द दिला असणार. तुम्ही सांगितलंत की तुमचं ओझं हलकं होईल आणि त्यांच्या डोक्यावर बसेल. मित्रांत फुशारकी म्हणून तर अजिबात सांगू नका. तीस घरांत परत जाऊन खुलासे करण्याचीही गरज नाही. त्यांच्यासाठी करण्यासारखं एकच आहे आणि ते तुम्हाला कडू लागेल. ज्या बाई निवडून आल्या त्या आता त्या घरांच्या, आणि तुमच्याही, नगरसेविका आहेत. लेखी अर्ज घेऊन त्यांच्याकडे जा. ड्रेनेजचा, बंद पथदिव्यांचा, जो असेल तो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. हसून बोलायची सक्ती नाही. त्यांनी काम केलं नाही तर विभागीय कार्यालय आहे, प्रभाग समिती आहे, माहितीचा अधिकार आहे. यातलं काहीच ताईंच्या किंवा पक्षाच्या परवानगीने चालत नाही, आणि गेली चार वर्षं प्रशासकाच्या काळात तुम्ही नगरसेवकाशिवाय हेच तर करत होता.

पक्ष सोडण्याबद्दल. समोरच्या पक्षाकडून निरोप आलाय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. जाऊ नका असं मी म्हणणार नाही, विचार बदलले म्हणून माणसं पक्ष बदलतात आणि बदलावेत. पण आत्ता गेलात तर कशासाठी जाल? तिकडेही कोणीतरी दहा वर्षं सतरंज्या उचलतो आहे. तुम्ही हार घालून स्टेजवर चढाल तेव्हा तो खाली उभा राहून तुमच्याकडे तसंच बघेल, जसं तुम्ही त्या माजी नगरसेवकाकडे बघत होतात. निदान रागाच्या भरात त्याची जागा घेऊ नका. मी म्हणेन, सुट्टी घ्या. तारीख ठरवून. दिवाळीपर्यंत म्हणा. ताईंना आणि बूथवरच्या दोघातिघांना तोंडी सांगा की दिवाळीपर्यंत मी बैठकांना येणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधून तडकाफडकी बाहेर पडू नका, लांबलचक पोस्ट तर टाकूच नका. ‘अमुक यांनी ग्रुप सोडला’ या ओळीचा स्क्रीनशॉट तुमच्या अकरा वर्षांपेक्षा लांब फिरतो. ग्रुप म्यूट करा. दिवाळीनंतर कदाचित परत जावंसं वाटेल, कदाचित नाही. माझा अंदाज विचाराल तर काम सुटणार नाही तुमच्याकडून, पक्ष सुटू शकेल. पण तो माझा अंदाज.

ताईंना मात्र भेटा, आणि लवकर. फोनवर नको, त्यांच्या संपर्क कार्यालयात चारचौघांत नको. त्यांना दुकानात बोलवा, दुपारी तीनच्या सुमारास, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. २ जानेवारीचं विचारा, एवढंच. ‘तुम्ही मला आधी का सांगितलं नाही?’ विचारून गप्प बसा. उत्तर ऐकताना मनातल्या मनात तुमचं पुढचं वाक्य जुळवू नका. त्या रडतील, चिडतील, टोलवतील, काहीही. त्या टोलवाटोलवी करतात की खरं सांगतात, यावरून पुढची अकरा वर्षं त्यांच्याबरोबर घालवायची की नाही ते तुम्हाला कळेल. मला विचारावं लागणार नाही.

मित्राचं लिहिताना तुम्ही ‘तो तिकडचा झाला’ एवढ्या तीन शब्दांत विषय मिटवलाय. माझ्या थोरल्या काकांचं सांगते. पंचवटीत राहायचे. चुना आणि गेरूने भिंती रंगवायच्या काळातले कार्यकर्ते, रात्री बादली घेऊन निघायचे. त्यांच्या नेत्याला एकदा डावललं आणि धाकट्या काकांनी पक्षाच्या उमेदवाराचं काम केलं. अबोला पडला. नेत्याची समजूत दोन महिन्यांत निघाली, एक महामंडळ मिळालं. माझे दोन्ही काका पुढची आठ वर्षं रविवार कारंज्यावर समोरासमोर आले तर रस्ता ओलांडून जायचे. दिवाळीचं फराळाचं ताट पोरांच्या हाती इकडून तिकडे जायचं. मीच नेलंय ते, कितीदा. अबोला सुटला तो माझ्या लग्नात, आणि तोही पंगतीत दोघांच्या मधल्या पाटावर बसणारा पाहुणा आलाच नाही म्हणून. वाढप्याने मध्ये ताट मांडलं नाही, आणि थोरल्यांनी धाकट्यांकडे मीठ सरकवलं. मी ते पाहिलं. मला आनंद झाला नाही, राग आला. आठ वर्षं, दादा.

तुमच्या मित्राने नव्या उमेदवाराचं काम उघडपणे केलं. लपवून काही केलं नाही. या एका बाबतीत तो तुमच्यापेक्षा सरळ वागला, आणि तुम्हाला त्याचं तोंड बघवत नाही त्याचं एक कारण हेही असू शकेल. रंगपंचमीला दरवर्षी दोघं जुन्या नाशकात रहाडीत, त्या रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उड्या मारायला जाता असं लिहिलंय. यंदा गेलात का, ते लिहिलेलं नाही.

झोपेचं हसण्यावारी नेऊ नका. महिना उलटला तरी रोज अडीचला जाग येत असेल, जेवण जात नसेल, तर नेहमीच्या डॉक्टरांना सांगा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिकडे ‘माझ्या ताईंचं तिकीट कापलं’ असं सांगायला लाज वाटेल, वाटू दे. ऐकणारा हसणार नाही. आणि बायकोशी बोला. ‘ती म्हणते बरं झालं, आता दुकानात बसा’ असं तुम्ही जरा दुखावून लिहिलंय. पंधरा दिवस दुकान तिने सांभाळलं, मुलांच्या परीक्षा तिने सांभाळल्या. ‘बरं झालं’ म्हणायचा तिला थोडा हक्क आहे की नाही?

राहता राहिले पैसे. पत्राच्या समासात, आडवं लिहून, तुम्ही साठ-सत्तर हजारांचा आकडा टाकलाय. मतदार याद्यांच्या झेरॉक्स, पत्रकं, पोरांचा नाश्ता, डिझेल. ‘ताईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.’ समासात का लिहिलंत? एक वही घ्या आणि अकरा वर्षांचं काम त्यात उतरवा. तारीख, काय केलं, कोणासाठी. प्रत्येक ओळ ‘मी’ने सुरू करा. ‘मी अमक्या गल्लीतली पाइपलाइन बदलून घेतली.’ ‘मी यादीत चाळीस नावं चढवली.’ सुरुवातीला हात अडखळेल. त्याच वहीत मागच्या पानांवर पैशांचा हिशेब. जे प्रेमाने दिलंत त्यावर काट मारा, ते परत मागायचं नाही आणि पुन्हा बोलूनही दाखवायचं नाही. जे दुकानाचं होतं, कागद, शाई, मजुरी, ते वेगळं काढा. तो आकडा सत्तर हजार येणार नाही, कदाचित बावीस येईल. ताई दुकानात येतील तेव्हा २ जानेवारीचं बोलून झालं की तेवढ्याचं बिल त्यांच्या हातात द्या. हप्त्याने देईन म्हणाल्या तर हप्ते घ्या.

बिल तेवढं पांढऱ्या कागदावर करा. पिवळा नको.